फॉल्टकाका

हाउसिंग सोसायटीला चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार कायद्याने लागतात. फॉल्टकाका कायद्यात नाहीत, पण त्यांच्यावाचून सोसायटीचं पान हलत नाही. चेअरमन बदलतो, सेक्रेटरी रागारागाने राजीनामा देतो, खजिनदाराने राजीनामा दिला तर तो कुणी स्वीकारत नाही. फॉल्टकाका मात्र तहहयात असतात. वय सत्तरीच्या अलीकडे, अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट, दोरीने गळ्यात लोंबणारा चष्मा आणि खिशात टेस्टर. एकवेळ पेन नसेल, पण टेस्टर असतोच. वीज आहे की नाही हे पाहण्यापासून चहात बुडालेलं बिस्किट वर काढण्यापर्यंत तो सगळीकडे चालतो.

आमच्या कोथरूडच्या इमारतीतले फॉल्टकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. फोन बंद पडला की शेजाऱ्याकडे जाऊन १९८ फिरवायचं आणि तक्रारीचा नंबर कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवायचा, त्या काळात ते तारेच्या दुसऱ्या टोकाला होते. खांबापासून डबीपर्यंत तार चाचपत जायचं आणि ती नेमकी कुठे दगा देते ते शोधायचं, यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे बिघाडाकडे पाहायची त्यांची तऱ्हाच वेगळी. तुम्हाआम्हाला वस्तू चालू व्हायला हवी असते. काकांना ती बंद का पडली हे हवं असतं. या दोन्ही मागण्या एकच, असं आपल्याला वाटतं. फॉल्टकाका घरी येऊन तासभर बसले की तसं वाटायचं थांबतं.

त्यांचा दवाखाना आम्रखंडाच्या एका रिकाम्या डब्यात मावतो. डब्यात वायरींची भेंडोळी. प्रत्येकीला रबरबँड आणि रबरबँडखाली सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी: ‘चांगली’, ‘चांगली पण लांब’, ‘फक्त चार्जिंग, आत डेटाच्या तारा नाहीत’. एका वायरीवर ‘संशयित’ असंही लिहिलंय.

‘‘मग फेकून का देत नाही?’’ असं मी एकदा विचारलं.

‘‘संशय आहे. गुन्हा कुठे सिद्ध झालाय?’’

परवा तिसऱ्या मजल्यावरून त्यांना बोलावणं आलं. तिथल्या चिरंजीवांचं लग्न ठरलंय. होणाऱ्या सूनबाईंनी ‘मला याची मुंज बघायचीय’ अशी इच्छा बोलून दाखवली आणि वहिनींनी कपाटातून २००६ सालची तबकडी काढली. वर बटूचा गोल फोटो चिकटवलेला, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. पण हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरचा ट्रे केव्हापासून दात आवळून बसलेला. म्हणून भाऊसाहेबांनी तापकीर गल्लीत जाऊन, घासाघीस करून, बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. तो लावला की कॉम्प्युटर ‘डुं-डिंग’ असा चढता स्वर काढून त्याचं स्वागत करी. तबकडी घातली की आत घरघर सुरू होई. पाठोपाठ ‘डिं-डुंग’ असा उतरता स्वर आणि ड्राइव्ह पडद्यावरून गायब. थोड्या वेळाने आपलाआपण परत हजर, पुन्हा घरघर, पुन्हा गायब. सूनबाई रविवारी येणार आणि बटू काही मांडवात उभा राहीना.

काका आले, बसले, डबा मांडीवर घेतला.

‘‘केव्हा जातो?’’

‘‘कधीही जातो मेला!’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘ड्रायव्हरचा इश्यू आहे, काका,’’ चिरंजीव म्हणाले.

‘‘मी सांगत होतो, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, पण चांगल्या कंपनीचा घेऊ,’’ असं भाऊसाहेब म्हणाले. तापकीर गल्लीत ते एकटेच गेले होते, हे इथे नोंदवून ठेवायला हवं.

काकांनी चष्मा काढला. ‘‘मी तुम्हाला रोग विचारला का? लक्षण विचारलं. केव्हा जातो?’’

मग त्यांनी चार बोटं वर केली आणि एकेक मिटत गेले. ड्राइव्ह नुसता बसून असताना काही वेळाने जात असेल, तर वीज वाचवायच्या नादात विंडोज त्या पोर्टाला झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडायचा, पॉवर मॅनेजमेंटमधली बरोबरची खूण काढायची, काम झालं. वायरीला धक्का लागल्यावर जात असेल, तर वायर खराब नाहीतर खाच सैल. एकच तबकडी घातल्यावर जात असेल आणि दुसरी घातल्यावर नाही, तर दोष तबकडीचा. आणि तबकडी फिरायला लागताक्षणी जात असेल, तर ड्राइव्हला वीज पुरत नाही. ‘‘आता सांगा, यातलं कुठलं?’’

घरात शांतता. दोन दिवस सगळं घर त्या ड्राइव्हकडे डोळे लावून बसलं होतं, पण तो केव्हा जातो हे कुणीही पाहिलं नव्हतं. सगळे फक्त गेला म्हणून हळहळत होते.

‘‘तुम्ही काय काय करून बघितलंत?’’

चिरंजीव खुलले. ते हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांनी ड्रायव्हर काढून परत घातला होता, अँटिव्हायरस बंद केला होता, पोर्ट बदललं होतं आणि मशीन रिस्टार्ट केलं होतं. ‘‘आणि मग चांगला दहा मिनिटं चालला, काका!’’

‘‘यातल्या कशाने?’’

‘‘कशाने म्हणजे... चालला ना!’’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पुढच्या पिढीबद्दलची अख्खी चिंता होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्यांचा धर्म. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि वस्तू चालू झाली, तर हाती वस्तू येते, कारण येत नाही. आणि कारण हाती नसलं की ती वस्तू रविवारी पाहुण्यांसमोर पुन्हा बंद पडते.

‘‘त्यापेक्षा सगळं क्लाउडवर टाकून मोकळं होऊ,’’ चिरंजीव म्हणाले.

‘‘टाक की. पण टाकायला आधी सीडी वाचली जायला हवी ना?’’ वहिनींनीच परस्पर निकाल लावला.

‘‘डीव्हीडी,’’ काका म्हणाले. ‘‘सीडीत सातशे एमबी मावतं. हिच्यात ४.७ जीबी.’’ काका घाईत असले तरी चुकीचा शब्द तसाच पुढे जाऊ देत नाहीत.

मग सगळे श्वास रोखून बसले आणि भाऊसाहेबांनी तबकडी सरकवली. घरघर झाली. आणि ड्राइव्ह चालला! तज्ज्ञ दारात आला की बिघाड पळ काढतो, हा अनुभव डॉक्टरांपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला येतो. घरात आनंदीआनंद झाला. ‘‘काकांचा पायगुणच तसा!’’ असं वहिनी म्हणाल्या. काकांचा चेहरा मात्र कुणी अपमान केल्यासारखा झाला.

‘‘थांबा. बंद पडू दे.’’

‘‘अहो, चालतोय ना आता!’’

‘‘आपणहून गेलेला फॉल्ट आपणहून परत येतो. तो आल्याशिवाय मी उठणार नाही.’’

म्हणजे चहा आला. बिघाडाची वाट पाहत बसणं हा काकांच्या बैठकीचा सर्वात रंगतदार भाग. या वेळात ते इतिहास सांगतात. यूएसबीचं पहिलं प्रमाण १९९६ च्या जानेवारीत आलं. त्याआधी प्रिंटरला एक खाच, माउसला दुसरी, मोडेमला तिसरी, आणि कुठल्याही खाचेत काही घातलं की मशीन पुन्हा सुरू करायचं. हा सगळा गुंता एका खाचेत आणणाऱ्या इंटेलमधल्या मंडळींचे म्होरके अजय भट्ट. ‘‘शिकले कुठे? बडोद्याला! महाराजा सयाजीराव विद्यापीठात!’’ त्यामुळे आपण आज पेनड्राइव्ह वापरतो त्याचं श्रेय फिरून फिरून गायकवाड सरकारकडे जातं, असा काकांचा सिद्धान्त आहे. तो खोडून काढायला कोथरूडमध्ये कुणी धजत नाही.

दुसरी गोष्ट १९९८ च्या एप्रिलमधली. शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स विंडोज ९८ दाखवत होते. सहकाऱ्याने व्यासपीठावर यूएसबीचा स्कॅनर जोडला आणि भल्यामोठ्या पडद्यावर निळ्या रंगात मशीन कोसळलं. सभागृह हसलं, गेट्सही हसले. ‘‘जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस शेजारी उभा होता. तरी चाललं नाही! आणि भाऊसाहेब, तुम्ही दोनशे रुपयांचं घेऊन बसलात.’’

इतक्यात ‘डिं-डुंग’.

वहिनींच्या तोंडून ‘‘अगं बाई!’’ निघालं. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. काका मात्र जावई दारात आल्यासारखे उठले. ‘‘आला!’’

मग त्यांनी वायर हातात धरली आणि तिच्यामागून टेबलाखाली शिरले. तिथून त्यांचा आवाज येत राहिला आणि आम्ही वर उभे राहून ऐकत राहिलो. ड्राइव्ह थेट कॉम्प्युटरला लावलेलाच नव्हता. तो एका चौमुखी हबला लावला होता. हबच्या उरलेल्या तोंडांत वहिनींचा मोबाइल, एक पेनड्राइव्ह आणि पंखा होता.

‘‘पंखा कसला?’’

‘‘इवलासा आहे हो,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘मला मेला उकाडा सहन होत नाही.’’

काकांनी टेबलाखालूनच हिशेब मांडला. हे मशीन जुनं, यूएसबी २ चं. त्याचं एक पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतं. यूएसबी ३ असतं तर ९०० मिळाले असते. हबला स्वतःचा अडॅप्टर नाही, म्हणजे या पाचशेत चौघांनी भागवायचं. डीव्हीडीची मोटर तबकडीला पहिलं फिरवताना एकदम जास्त खेचते, एकटीलाच पाचशेच्या वर लागू शकतात. त्या क्षणी व्होल्टेज बसतं, ड्राइव्हचा मेंदू बंद पडतो आणि कॉम्प्युटरला वाटतं, वायर कुणी उपटली. मोटर थांबली की वीज परत पुरते, ड्राइव्ह जागा होतो आणि आपणहून हजर होतो. ‘‘म्हणून येतो आणि जातो. त्याचा नाइलाज आहे हो!’’ काकांच्या आवाजात कणव होती. माणसांबद्दल ती त्यांच्या आवाजात सहसा ऐकू येत नाही.

हब गेला. ड्राइव्ह थेट पुढच्या खाचेत. तरी गेलाच. ‘‘जाणारच. पुढच्या खाचेपासून मदरबोर्डापर्यंत आत आणखी वायर असते. जितकी वायर लांब आणि बारीक, तितकी वीज वाटेत मरते.’’ टेबल भिंतीपासून ओढलं. मागे कोळिष्टकं आणि तीन वर्षांपूर्वी हरवलेलं लाइट बिल सापडलं. ड्राइव्ह मागच्या खाचेत. आता जरा जास्त वेळ टिकला, पण गेला. मधेच दुसरी, फोटो न चिकटवलेली तबकडी घालून बघितली. तीही गेली, तेव्हा बटूच्या फोटोवरचा संशय मिटला. चिरंजीवांच्या लॅपटॉपवर लावून पाहायचं ठरलं, पण कंपनीच्या लॅपटॉपला बाहेरचं काहीही जोडायची बंदी. ‘‘सिक्युरिटी पॉलिसी, काका.’’ काकांना ते पटलं. खात्याचा माणूस नियमापुढे वाद घालत नाही.

आता उरली ती वायर. काकांनी ती उजेडात धरली, चष्मा चढवला आणि एकदम गप्प झाले.

‘‘भाऊसाहेब, या वायरीला दोन शेपट्या आहेत.’’

‘‘हो.’’

‘‘दुसरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर तार पिळून ठेवलीय.’’

‘‘ती स्पेअर आहे,’’ भाऊसाहेब म्हणाले. ‘‘एक बिघडली तर दुसरी हाताशी असावी.’’

खुर्चीचं कव्हर, रिमोटचं प्लास्टिक आणि सोफ्यावरची चादर यांच्या साक्षीने वाढलेल्या माणसाने दुसरं काय करायचं? पण ती शेपटी स्पेअर नव्हती. एका पोर्टाची वीज पुरणार नाही हे बनवणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो दुसऱ्या पोर्टातून वीज घ्यायला ती देतो. काकांनी तार सोडली, प्लास्टिक काढलं, दोन्ही शेपट्या मागच्या दोन खाचांत घातल्या. घरघर झाली आणि स्थिरावली. विंडोज १० ला अशी तबकडी मुळात दाखवता येत नाही, म्हणून चिरंजीवांनी व्हीएलसी उतरवून घेतलं. या सगळ्यात त्यांचं शिक्षण पहिल्यांदाच कामी आलं. आणि पाकळ्यांच्या पावसात, सनईच्या सुरात, बटू प्रकट झाला.

सगळे खुर्च्या ओढून बसले. मातृभोजन झालं. तेव्हाचे भाऊसाहेब, डोक्यावर केस असलेले, सगळ्यांनी पाहून घेतले. भिक्षावळ सुरू झाली. आत्याबाई ताटात लाडू घालायला वाकल्या आणि काका टेबलामागे वाकले.

‘‘काका, काय करताय?’’

‘‘सिद्ध करतोय.’’

त्यांनी दुसरी शेपटी उपटली. आम्ही कान बंद केले. पण मुंज चालूच राहिली! आत्याबाईंनी लाडू घातला, पुढच्या मावशी सरसावल्या. घरादाराचा जीव भांड्यात पडला आणि काकांचा चेहरा उतरला. आयुष्यभराचं शास्त्र एका लाडवापाशी डगमगलं. क्षणभर ते भिंतीला टेकून उभे राहिले. मग एकदम उजळले.

‘‘बरोबर आहे! एकदा फिरायला लागल्यावर कमी वीज पुरते. जास्त लागते ती सुरुवातीला. बंद करून पुन्हा सुरू करायला हवं.’’

‘‘काका, नको!’’ हा ओरडा तिघांचा होता.

पण बटण दाबलं गेलं होतं. ट्रे बाहेर आला, आत गेला, घरघर झाली आणि ‘डिं-डुंग’. पडदा काळा.

त्या खोलीत एकच माणूस सुखी होता. काकांनी शेपटी परत लावली, ड्राइव्ह सुरू करून दिला, डब्यातून कोरी चिठ्ठी काढून ‘दोन्ही लावाव्यात. स्पेअर नव्हे’ असं लिहिलं आणि वायरीला रबरबँडने बांधलं. हब आणि पंखा वेगळे काढून वहिनींच्या हाती दिले आणि आम्रखंडाचा डबा काखेत मारला.

‘‘अहो, बसा की,’’ वहिनी म्हणाल्या. राग होता, पण पाहुणचार त्याहून मोठा. ‘‘एवढं केलंत, आता मुंज तरी बघून जा.’’

‘‘छे हो,’’ काका चपला शोधत म्हणाले, ‘‘चालू वस्तूत बघण्यासारखं काय असतं?’’