निवृत्तिवेतनावर चालणारे माहिती-तंत्रज्ञान

वर्धा शहराला लागून असलेले पिपरी मेघे जनगणनेच्या लेखी नगर आणि कारभाराच्या लेखी ग्रामपंचायत असल्यामुळे एकाच वेळी दोन अवस्थांत नांदण्याची विद्या या गावाला शिकवावी लागत नाही. पुण्याच्या संगणक कंपनीने कमी केलेला तरुण पत्नी व लहान मुलांसह येथे वडिलांच्या घरी उतरतो, तेव्हा तोही काही महिने नोकरीत असतो आणि नसतो. “कवा आला गा? सुट्ट्या किती दिवसाच्या?” या चौकशीला ‘वर्क फ्रॉम होम’ हे उत्तर ठरलेले असते आणि त्याला पुरावा म्हणून पुढच्या खोलीत लॅपटॉप दिवसभर उघडा ठेवण्यात येतो.

या अवस्थेची कारणमीमांसा उद्योगांनी आधीच करून ठेवली आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५मध्ये सुमारे १२,००० जणांना, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या २ टक्क्यांना, कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा दोष कृत्रिम बुद्धिमत्तेला न देता कौशल्यांच्या विसंगतीला देण्यात आला. त्याआधी जूनमध्येच वर्षातील किमान २२५ दिवस ग्राहकाच्या बिलावर लागलेच पाहिजेत आणि ‘बेंच’वर, म्हणजे पगारी पण प्रकल्पाविना, ३५ दिवसांहून अधिक काळ काढता येणार नाही, असा दंडक घालून देण्यात आला होता. कौशल्यांची ही चिंता नवी नाही; हातांना काम देणारे शिक्षण हवे, हे ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी सांगितले होते. मात्र तकलीवर काढलेले सूत ग्राहकाच्या बिलावर कसे लावावे, याचा खुलासा त्यांच्या ‘नई तालीम’ शिक्षणयोजनेत नसल्यामुळे वर्धेकरांनी मुलांना अभियांत्रिकीला घातले, हे त्यांच्या व्यवहारज्ञानाला धरूनच झाले.

कायदा या तरुणाकडे दुर्लक्ष करतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो त्याच्याकडे निरखून पाहतो आणि मगच वगळतो. सलग वर्षभर नोकरी केलेल्या कामगारास कमी करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन द्यावे, असे औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ हा २०२५पर्यंत सांगत आला. परंतु व्यवस्थापकीय काम करणारा मनुष्य त्यात कामगार ठरत नसे. हाताखाली दोन नवशिकी पोरे आणि नावापुढे ‘मॅनेजर’ ही अक्षरे लाभलेल्या तरुणास पदोन्नतीची खरी किंमत त्या दिवशी कळते. त्यातूनही शंका उरू नये म्हणून त्याला राजीनामा ‘स्वेच्छेने’ देण्याची संधी मिळते. ती घेण्यासाठी सहसा संध्याकाळपर्यंतचा वेळ असतो. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत वेतनाचा काही भाग देते खरी, पण महामंडळाचे छत्रच मुळात मासिक २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनदारांवर असल्यामुळे घराचा हप्ता त्याहून मोठा असलेल्या गृहस्थाला सुखवस्तू मानणे शासनास भाग पडते.

गटविमा तर ओळखपत्राबरोबरच जमा होतो. मुलाचा ताप कंपनीच्या हिशेबवर्षाप्रमाणे चढत-उतरत नाही, ही बालवैद्यकातील जुनी उणीव आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने खेड्यांतील कुटुंबांकडून सुगीनंतर ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालवला, आणि तो शेतकऱ्याच्या मालकाचे नाव विचारत नसे. हा प्रयोग मागासलेला ठरवून पुढची पिढी नोकरीला जोडलेल्या विम्याकडे गेली.

अशा स्थितीत देशातील सर्वांत मोठी, कोणत्याही कायद्याविना चालणारी बेरोजगारी विमा योजना म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून किंवा एखाद्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या वडिलांचे निवृत्तिवेतन होय. त्यात दावा दाखल करावा लागत नाही आणि प्रतीक्षा-काळही नसतो; जेवताना होणारी “फलाण्याचा पोरगा तलाठी झाला” ही नोंद हाच काय तो हप्ता. पुण्याच्या फ्लॅटसाठी बँकेचा तगादा, नातीची शाळेची फी आणि सुनेने घरीच सुरू केलेल्या शिकवण्यांचे फळे-खडू असा सारा भार हे वेतन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उचलते, आणि तरीही उद्योगजगताच्या कोणत्याही वार्षिक अहवालात त्याचे आभार मानलेले आढळत नाहीत.

योजनेत एकच तांत्रिक अडचण आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने जुने निवृत्तिवेतन बंद केले. मात्र त्यांपैकी बहुतेकांची मुले अद्याप शाळा-कॉलेजात असल्यामुळे, ती कमी केली जाईपर्यंत हा विषय तातडीचा मानण्याचे कारण शासनाला दिसत नाही.