शहाण्यांच्या गावात राहताना घ्यावयाची दक्षता

ज्यांच्या मेंदूची घडण चारचौघांपेक्षा वेगळी आहे, अशा कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीकरांसाठी ही सूचनावली आहे. बाकीच्यांना हे नियम पाठ असतात. कुणी शिकवले म्हणून विचारलं तर मात्र आपल्याकडंच चमत्कारिक बघतात. लेखी कुठंच नाहीत, म्हणून इथं लिहून काढले आहेत.

धडा पहिला : निरोप. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. लहानपणी पाहुणे 'येतो' म्हणून गेले की मी दारात वाट बघत बसायचो. एकदा रात्री नऊपर्यंत बसलो होतो.

धडा दुसरा : आमंत्रण. वाटेत आत्या भेटली, "ये की रं कवातरी घरला," म्हणाली. 'कवातरी' ही तारीख नसते, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला गेलो. आत्या झोपली होती. उठून म्हणाली, "काय रं, काय झालं?" काहीच झालं नव्हतं, म्हणून मी "काय नाही" म्हणालो. तिची काळजी आणखी वाढली. मग चहाचं विचारलं. मला हवा होता, मी "हो" म्हणालो. तेही चुकलं. पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'कशाला उगंच', तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' असा क्रम आहे. चहा खरोखरच नको असेल तर? क्रम तोच. कप येतोच.

धडा तिसरा : नजर. शाळेत गुरुजी म्हणायचे, "माझ्याकडं बघून बोल." घरी आजोबा म्हणायचे, "मोठ्यांच्या डोळ्याला डोळा लावतोस व्हय रं?" दोघांचंही राखायचं तर समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध बघावं. बायकांशी बोलताना टिकलीची मोठी सोय होते.

चौथा धडा लिहायला घेतला होता, तेवढ्यात शेजारच्या उजळाईवाडीच्या विमानतळावर विमान उतरलं. हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, 1939चा. पुढं त्याच्या विस्तारात आमच्या गावची जमीनही गेली. गावात त्याबद्दल मतं अनेक आहेत. पण विमानाच्या आवाजाला वेळापत्रक आहे, याचं मला कौतुक वाटतं. उशीर होणार असेल तर किती, तेही कळवतात. "हे काय, कोपऱ्यावर आलोय" म्हणणारा मित्र तेव्हा अजून पलीकडच्या उचगावातच असतो.

धडा पाचवा : आवाज. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. गणपतीत दारावरून डॉल्बी जाताना हा आकडा कुणाला सांगू नये. ऐकू जात नाही.

कायद्याचं मला बरं वाटतं ते याचसाठी, की तो लिहिलेला असतो. 1995च्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016च्या कायद्यात ते 21 झाले आणि स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आल्या. एडीएचडी मात्र यादीत नाही. ज्याचं लक्ष ठरत नाही, त्याच्याकडं कायद्याचंही लक्ष गेलेलं नाही. लेखी परीक्षेसाठी केंद्राच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांत पात्र दिव्यांगांना तासाला किमान 20 मिनिटं जादा देण्याची तरतूद केली गेली. तीच सवलत लग्नाच्या मांडवातही मिळावी, असा माझा अर्ज आहे. तिथं पाहुणे विचारतात, "काय म्हणतोस मग?" मी काहीच म्हटलेलं नसतं. काय म्हणावं ते सुचेपर्यंत ते पंगतीतून उठून हात धुवायला गेलेले असतात.

तुम्हीही आमच्याकडं जरूर या. रविवारी, सव्वाचार ते पाच. चहा हवा की नको, ते एकदाच विचारीन.