मातीची बडदास्त

2023 साली ‘मेरी माटी मेरा देश’ अभियानात गावोगावची माती कलशांत भरून दिल्लीला गेली, हे फार उत्तम झाले. मूठभर माती हातात घ्यायची, सेल्फी काढायची, शपथेचे प्रमाणपत्र डाउनलोड करायचे. भूमिपुत्र असल्याचा इतका झटपट दाखला तलाठीसुद्धा देत नाही. बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टात भांडणाऱ्या भाऊबंदांची माती तालुक्याच्या कलशात गुण्यागोविंदाने नांदली आणि थेट कर्तव्य पथावर पोहोचली.

दरवर्षी त्याच सुमारास बीडची माणसेही गाव सोडतात. उसाच्या फडाकडे निघालेल्या ट्रॉलीत कोयते, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, शेळी आणि वर शाळा सुटलेली लेकरे. ढोलताशा नाही, हार नाही, सेल्फी तर नाहीच. पुढे पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे झोपडीत. (कोपीला अभियानातला शिलाफलक नसतो.)

यावर उपाय सोपा आहे. ऊसतोड मजुरांनी यंदापासून स्वतःची नोंद ‘माणूस’ अशी न करता ‘माती’ अशी करावी. प्रवास सन्मानाने होईल, स्वागताला मंत्री येतील.

इच्छुकांनी मुकादमाची उचल मात्र आधी फेडावी. कलशात कर्जबाजारी माती घेत नाहीत.