आडनावाचं पॅकेज

नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब, सीबॉर्न. पायथॉनचं नवीन नोटबुक उघडलं की डोक्यावर ह्याच ओळी, त्याखाली कोष्टकाचे सगळे रकाने दिसावेत म्हणून एक सेटिंग आणि आलेखांचा आकार. जुन्या नोटबुकातून हे उचलून चिकटवायला काही सेकंद लागतात. ते सेकंद वाचावेत म्हणून मी दिवाळीची सुट्टी खर्ची घातली.

या ओळींचं स्वतःचं पॅकेज करणं अवघड नसतं. एक फोल्डर, त्यात इनिट नावाची फाइल, बाहेर पायप्रोजेक्ट डॉट टॉमल, मग पिप इन्स्टॉल. तेही एडिटेबल, म्हणजे फाइलीत बदल केला तरी परत इन्स्टॉल करायला नको. चहा निवायच्या आत झालं. सुट्टी गेली ती बारशात.

पहिलं सुचलं अर्थातच आडनाव. बायको म्हणाली, "अरे, मग अर्धं श्रेय तुझ्या भावाला जाईल." हा धोका लक्षात आलाच नव्हता. भावाला एक्सेलसुद्धा धड येत नाही! मग 'आरंभ' सुचलं, पण रोमन लिपीत त्यात एक 'ए' घालायचा की दोन, यावर घरात दोन तट पडले. 'नांदी' बरं होतं, पण ऑफिसातल्या निम्म्या लोकांना ते हॉटेल वाटलं असतं. प्रत्येक नाव पायपीआयवर, म्हणजे पायथॉन पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात, मोकळं आहे का ते मी बघत होतो. तिथे हायफन आणि अंडरस्कोअर एकच धरतात, लहान-मोठी अक्षरंही एकच, त्यामुळे पळवाट नाही. पॅकेज जगाला द्यायचं नव्हतंच म्हणा. पण उद्या जगाने मागितलं तर?

मोठ्या माणसांनी नावं गमतीत ठेवली. पायथॉन हे नाव माँटी पायथॉन या विनोदी मंडळींवरून आलं. सीबॉर्नला सगळे एसएनएस लिहितात, ती 'द वेस्ट विंग' मालिकेतल्या सॅम सीबॉर्नची आद्याक्षरं. थोरांना थट्टा परवडते, आम्हाला आडनाव लागतं. तेच ठेवलं. आवृत्ती 1.0 नवखी दिसते, म्हणून सुरुवातच 2.1 पासून केली.

आता माझ्या प्रत्येक नोटबुकात पहिली ओळ एकच: फ्रॉम, आडनाव, इंपोर्ट, स्टार. किती देखणी दिसते!

टीममधल्या एका मुलीला असलं एक नोटबुक पाठवलं. तिच्या मशीनवर पहिल्याच ओळीला लाल अक्षरं उमटली.

"सर, हे मॉड्यूल कुठून आणायचं?"

"माझ्याकडून," मी म्हणालो. हे वाक्य उच्चारण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

तिने ते घेतलं, चालवलं, आणि म्हणाली, "पण सर, खाली पीएलटी वापरलंय, ते कुठून आलं ते दिसतच नाही. मॅटप्लॉटलिबच ना? मग तसं लिहा की."

मॅटप्लॉटलिब जॉन हंटर यांनी लिहिलं. ते मेंदूविज्ञानातले संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पडद्यावर नीट बघता यावेत, ही त्यांची गरज होती. 2003 मध्ये त्यांनी ते सगळ्यांना फुकट दिलं. 2012 मध्ये कर्करोगाने गेले, तेव्हा वय 44. जगभरातल्या नोटबुकांत त्यांची ओळ रोज टाइप होते आणि त्या ओळीत त्यांचं नाव कुठेही नाही. माझ्या ओळीत माझं आडनाव होतं, आणि त्यांची ओळ मी त्याच्या पोटात लपवली होती.

इंपोर्टच्या ओळी मी परत नोटबुकात उघड्यावर आणल्या. पॅकेजात आलेखांचा आकार आणि रकान्यांची सेटिंग तेवढी राहिली. आडनाव मात्र हललेलं नाही.

तुम्ही असं काही केलंत तर एक विनंती: सगळ्या वॉर्निंग गप्प करणारी ओळ त्यात घालू नका. पुढच्या आवृत्तीत काय मोडणार आहे, ते त्या बिचाऱ्या आधीच सांगत असतात. आणि पॅकेज आयतंच हवं असेल तर कळवा. 2.2 तयार आहे.