संशोधन-अनुदान: आवडीकरांसाठी पहिली इयत्ता

आरोग्यावर संशोधन करायचं आहे, डोक्यात प्रश्न आहे, हातात पदवी आहे आणि खिशात दमडी नाही, अशा होतकरूंसाठी ही माहिती. वडील खडकीच्या किंवा अंबाझरीच्या आयुध कारखान्यातून बदली होऊन इथल्या, म्हणजे चेन्नईजवळच्या आवडीतल्या, रणगाड्यांच्या कारखान्यात आले असतील तर उत्तमच. फॉर्म तीन प्रतींत भरण्याचे संस्कार घरातच झालेले असतात. गावही या कामाला शुभ आहे. जानेवारी 1955 मध्ये काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला तो इथेच. त्याच आवडीत बसून तुम्हाला आता धर्मादाय प्रतिष्ठानांपुढे हात पसरायचा आहे. लाजू नका.

आधी दाता निवडा. नवशिके प्रश्न आधी ठरवतात आणि मग पैसे शोधत हिंडतात, तिथेच फसतात. दात्याला कुठे दुखलं होतं ते पाहावं. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. सर दोराबजींनी पुढच्याच वर्षी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला आणि उत्पन्नाचे पाचातले चार भाग जगभरातल्या ल्युकेमियाच्या संशोधनासाठी लावून दिले. या दारात डेंगीची फाइल घेऊन जाण्यात अर्थ नाही. भारतासाठी राखलेल्या पाचव्या भागाचं दार वेगळं आहे, ते शोधा. लंडनच्या वेलकम ट्रस्टचा पैसा औषधांच्या धंद्यातला. तिथे तंबाखू कंपन्यांचं मीठ खाल्लेल्यांना प्रवेश नाही. त्यांचं प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवून भागत नाही, पैसे घेतलेलेच नसावे लागतात.

आता कालावधीचा चौकोन. त्यात ‘तीन वर्षे’ लिहायचं. रोग कोणता, हे विचारू नका. कुष्ठरोगाचा जंतू दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे घेतो, प्रयोगशाळेतल्या कुठल्याही कृत्रिम माध्यमात वाढत नाही, आणि अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात. म्हणजे अनुदान संपून, युटिलायझेशन सर्टिफिकेट रवाना होऊन, प्रोजेक्टवरची पोरं दुसरीकडे चिकटल्यावर रोग तोंड दाखवणार. हरकत नाही. बारावी तिमाही, निष्कर्ष, असं लिहून तक्ता रंगवा.

हे आवडीवाल्यांना सांगताना मात्र जरा जपून बोलावं लागतं, कारण त्यांनी याच्या उलट करून दाखवलं आहे. जालमा ही कुष्ठरोगासाठी काम करणारी जपानी धर्मादाय संस्था. तिने आग्र्याला उभारलेलं केंद्र 1967 मध्ये सुरू झालं आणि 1976 मध्ये तिने ते भारताच्या हवाली केलं. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) छत्राखाली त्या केंद्राचं फील्ड युनिट आवडीत होतं, आणि नावात ‘जालमा’ तेवढं राहिलं होतं. डॉ. एम. डी. गुप्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथून कुष्ठरोगाच्या लसींची तुलनात्मक चाचणी चालवली. चार लसी आणि पाचवं नुसतं मिठाचं पाणी. जानेवारी 1991 पासून अडीच वर्षं फक्त माणसं सामील करून घेण्यात गेली. सुमारे तीन लाख लोकांतून 2,16,000 पात्र ठरले, त्यांतले 1,71,400 स्वेच्छेने आले. त्यानंतर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून त्याच माणसांची त्वचा तपासायची. निकाल 1998 मध्ये छापून आला. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत तयार झालेली आयसीआरसी लस 65.5 टक्के संरक्षण देते, बीसीजी आणि मारलेले कुष्ठजंतू एकत्र दिले तर 64, एकटी बीसीजी 34.1. हाच प्रकल्प आपल्या चौकोनात बसवून पाहा: अडीच वर्षं नोंदणी, सहा महिने निष्कर्ष. चहापाण्याची बिलं तेवढी सादर झाली असती. 1999 मध्ये या युनिटचं आणि चेन्नईच्या वैद्यकीय सांख्यिकी संस्थेचं एकत्रीकरण होऊन राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था झाली. ती आवडीच्या शेजारी अयप्पाक्कमला आहे. अर्ज लिहिण्याआधी फाटकापर्यंत जाऊन या.

वरच्या पात्र ठरलेल्यांच्या आणि स्वेच्छेने आलेल्यांच्या आकड्यांची वजाबाकी केलीत का? 44,600 पात्र माणसं त्या चाचणीत नाहीत. हा फरक लपवला गेला नाही, दोन्ही आकडे छापले गेले. संमतीचा नियम म्हणजे हेच, आणि या सगळ्या नियमांत थट्टा करू नये असा एवढाच एक आहे. तो पाळला जातो का, हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, एक सदस्य कायद्याचा जाणकार आणि एक अगदी सामान्य नागरिक. संख्याशास्त्रावर घाम गाळून गेलेल्या उमेदवाराला हा शेवटचा माणूस गाठतो: तुमची माणसं घरी आल्यावर तिथल्या बाईला नाही म्हणायचं असेल तर ती कुणाला सांगणार? संमतीपत्र तमिळमध्ये हवं. तुमचं तमिळ दुधाच्या पिशवीपुरतं असेल, तर भाषांतराचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

बजेटबद्दल थोडक्यात. परदेशी पैसा नोंदणीकृत संस्थेच्या नावे आला तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो आधी नवी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरतो. लंडनहून निघालेला रुपया आवडीला यायचा तर व्हाया दिल्ली. कार्यालयीन खर्चाची मर्यादा पूर्वी निम्म्याची होती, आता वीस टक्के. म्हणजे हिशेबनीस, वीजबिल आणि शिपाई यांनी वीस टक्क्यांत संसार करायचा, आणि खर्च वीस टक्क्यांतच झाला हे सिद्ध करणारी कागदपत्रंही त्याच हिशेबनिसाने तयार करायची. गावातल्या छोट्या संस्थेला त्यातला वाटा देण्याचा विचार तर मनातही आणू नका. परदेशी निधी पुढे हस्तांतरित करायला आता बंदी आहे. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी. तिची वाट पाहण्यासाठी फॉर्मवर चौकोन नाही.

आणखी एक. गेट्स फाउंडेशनने 2025 पासून नियतकालिकांची प्रकाशन-फी देणं बंद केलं आहे आणि निबंध आधी प्रीप्रिंट म्हणून खुला करण्याची अट घातली आहे. जुन्या अर्जातून ‘प्रकाशन खर्च’ हा हेड तसाच उचलून चिकटवला असेल, तर काढून टाका. परीक्षक वाचतात.

शेवटची तारीख पाळा. संध्याकाळी पाच म्हणजे लंडनचे पाच असतील, तर आवडीत हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात. कुठले पाच, ते आधी विचारून घ्या.