तीन बाय दीडची शेती

लावणीच्या दिवसांत ज्याची कंबर हमखास धरते, बेणणीच्या आठवड्यात ज्याची धाटावच्या कंपनीतली पाळी नेमकी बदलते आणि झोडणीला ज्याला धुळीच्या शिंका सुटतात, तोच माणूस रात्री साडेअकराला काचेच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून, फूटभर लांब चिमट्याने एकेक हिरवी काडी वाळूत खोचताना दिसला, तर तो टाकीदादा आहे असं खुशाल समजावं. ही जात आता गावोगाव आहे. आमच्या खांबला आहे, कोलाडला आहे, पेण आणि रोह्यात तर असावेतच. ते एकमेकांना लांबून ओळखतात, कारण नखांत शेवाळ असतं आणि उजवी बाही तेवढी ओली असते.

आमच्या टाकीदादाची आई दारात उभी राहून हा सोहळा बघते आणि म्हणते, "अरं, वावरात चार मुठी आवण लावायला बोलावलं तर तुला मणक्याचा डॉक्टर आठवतो. नि हितं रात रात वाकून गवत लावतोस!"

"आये, ते गवत नाय. रोटाला हाय."

रोटाला ही वनस्पती त्याने कुर्ल्याहून आणली होती, ओल्या कागदात गुंडाळून, एका जुडीला मेथीच्या दहा जुड्यांचे पैसे मोजून. गंमत अशी की याच कुळातलं रोटाला इंडिका नावाचं तण भारतातल्या भातखाचरांत ठिकठिकाणी उगवतं. ते उपटायला आई बायकांना मजुरी देते. दोन्ही व्यवहार एकाच घरातून होतात, पण हिशेबाच्या वह्या वेगळ्या असल्यामुळे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी सांगणार नाही.

मातीचीही तीच कथा. टाकीच्या तळाशी घालायला त्याने जपानी मातीची पिशवी मागवली. कुरिअरचा पोरगा ती खांद्यावर घेऊन आला तेव्हा घरच्यांना वाटलं, खताची गोण आली. शेवाळ वाढेल म्हणून स्वतःच्या खाचरातली माती त्याने टाकीजवळही येऊ दिली नाही. पुढे त्याने कुठेतरी वाचलं की, डायना वॉलस्टॅड नावाच्या अमेरिकन बाईंनी 1999 साली एक पुस्तक लिहून साधी माती तळाशी आणि वर वाळूचा थर एवढ्यावर उत्तम टाकी चालते असं दाखवून दिलंय. मग दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही.

त्याआधी जांभ्याचं प्रकरण झालं होतं. 1980च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांनी टाकीच्या वाळूत जांभ्याची भुकटी मिसळायची पद्धत रूढ केली. जांभ्यात लोह असतं, ते वनस्पतींच्या मुळांना लागतं. टाकीदादाने त्या भुकटीचा डबा विकत घेतला. डब्यावरचा फोटो बघून त्याचा भाचा म्हणाला, "मामा, हा तर आपल्या कुंपणाचा चिरा." कोकणात ज्या चिऱ्यांनी माणसं घरं बांधतात, तो चिरा याने चमच्याच्या भावाने आणला होता. त्यानंतर कुंपणाच्या मागच्या कोपऱ्यातले दोन चिरे गायब झाले आणि खलबत्त्याला लाल रंग चढला, यापलीकडे मला काही माहीत नाही.

हॉलमध्ये वडिलांच्या तसबिरीशेजारी एका चष्मेवाल्या जपानी गृहस्थांचा फोटो आहे. ते ताकाशी आमानो. पेशाने छायाचित्रकार, त्याआधी पैशासाठी सायकल शर्यतींत उतरणारे. पाण्याखाली डोंगर, कुरणं, जंगलं उभी करायची ही आजची कला जगभर नेली ती त्यांनी. 1982 साली स्वतःची कंपनी काढली आणि 2015 साली गेले. पाहुणे विचारतात, "हे कोन, कंपनीचं सायब काय?" आई म्हणते, "आसतील." पण वडिलांना फूल वाहताना एक त्यांनाही वाहते. उगाच कुणाचा राग नको.

टाकी भरून झाल्यावर त्याने मासे आणले नाहीत. पाच-सहा आठवडे ती नुसती पाण्याची टाकी होती. गावात चर्चा झाली. बघायला आलेली माणसं काचेला नाक लावून मासे शोधायची आणि न सापडल्यावर आपलीच नजर अधू झाली असेल म्हणून गप्प राहायची. टाकीदादा सांगायचा की माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी, आणि वनस्पती त्यावर वाढतात. हे जिवाणू बसेपर्यंत मासा सोडायचा नाही. बाजारातून मासे आणून त्याच संध्याकाळी नव्या टाकीत सोडणारे लोक चौथ्या दिवशी दुकानदाराला शिव्या देतात, त्यात दुकानदाराचा दोष निम्माच असतो. इथे मात्र मला टाकीदादाचा आदर वाटतो. लग्नाला सहा महिने थांब म्हटल्यावर तीन आठवड्यांत बोहल्यावर चढलेला हा माणूस न दिसणाऱ्या जिवाणूंसाठी दीड महिना थांबला.

मासे आणायला तो पुन्हा कुर्ल्याला गेला. येताना मुंबई-गोवा महामार्गाने यायचं नाही, हे त्याचं व्रत. त्यातला पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा चौपदरीकरणाचा टप्पा 2011 साली सुरू झाला. त्या साली टाकीदादा शाळेत होता. माशांच्या पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से ऑक्सिजन भरतात, अशी नीट भरलेली पिशवी दिवसभर टिकते. "पण मुंबई-गोवा हायवेला दिवसाची खात्री कोण देणार?" असा त्याचा सवाल. म्हणून दिवा-रोहा गाडी. पिशव्या मांडीवर, वर टॉवेल, कारण अंधारात मासे शांत राहतात. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पापलेट काय भावानं मिळालं?" तेव्हा त्याने खिडकीबाहेर बघितलं.

मासे निवडणं हा त्याचा सगळ्यात करारी भाग. एका टाकीत निरनिराळ्या जातींनी गुण्यागोविंदाने राहायचं असेल, तर मुलीचं स्थळ बघावं तशी चौकशी करावी लागते. स्वभाव कसा, खाणंपिणं काय, पाणी मऊ लागतं की कठीण, ऊब किती, मोठा झाल्यावर किती होणार, आणि मुख्य म्हणजे तोंड केवढं. माशांच्या राज्यात तोंडात मावतो तो आप्त नव्हे. दुकानात एंजल आणि निऑन टेट्रा शेजारी शेजारी फार देखणे दिसतात. एंजल मोठा झाला की निऑन एकेक करून नाहीसे होतात आणि मालक गाळणीत शोधत बसतो. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर बोटाएवढा घरी येतो आणि फूट-दीड फुटाचा होतो. मग कंटाळलेली माणसं तो नदीत सोडतात. असे सकर देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलेत आणि जाळी फाडतायत. कोलाडच्या एका मित्राने कुंडलिकेत सकर सोडायचा विचार बोलून दाखवला, तर टाकीदादाने त्याच्याशी दोन महिने अबोला धरला. सख्ख्या भावाशी बांधावरून वाद आहे, तिथे तो इतका ठाम नसतो.

पाण्याचं मात्र त्याला उशिरा कळलं. निऑन टेट्रा अॅमेझॉनचा, त्याला मऊ पाणी लागतं, म्हणून याने बोअरचं 'शुद्ध' पाणी घेऊन त्यात बाटल्यांतली औषधं ओतली. आमच्या बाजूला कालव्याने येतं ते पाणी मुळशीच्या धरणात पडलेल्या पावसाचं. ते डोंगर उतरून भिरा इथल्या टाटांच्या वीजकेंद्रात येतं, 1927 पासून येतंय. मग कुंडलिकेत, मग डोलवहाळच्या बंधाऱ्यात. कोलाडला राफ्टिंगवाले सकाळी ज्या पाण्यावर ओरडत जातात तेच हे. सह्याद्रीचं पावसाचं पाणी मऊच असायचं. अॅमेझॉन परसात होती आणि हा बाटल्या रिकाम्या करत होता.

वनस्पतींना कर्बवायूही लागतो. सिलिंडरचा खर्च जड म्हणून त्याने साखर, पाणी आणि यीस्ट भरलेल्या बाटल्यांतून नळी काढून टाकीत सोडली. वायू येतो हे खरं, पण मागे बाटलीत उरते ती दारूच. आठवड्याने न्हाणीघरामागे असा वास सुटला की पोलीस पाटील सहज म्हणून चहाला आले. टाकीदादाने त्यांना टाकीतला निळा-हिरवा सूचक दाखवला. निळा असेल तर वायू कमी, हिरवा योग्य, पिवळा झाला तर माशांचा जीव धोक्यात. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं, बाटलीचा वास घेतला आणि म्हणाले, "आमचं काय नाय. पन लोकांना पिवळं-हिरवं समजत नाय." दुसऱ्या दिवशी सिलिंडर आला.

गणपतीत खरी पंचाईत झाली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत दोनशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. वाळू, दगड, काच धरून अडीचशे किलोचा ऐवज. आणि तो उभा होता नेमका त्या कोपऱ्यात, जिथे आजोबांपासून पेणची मूर्ती बसते. टाकी हलत नाही आणि देव हलवायचा नाही. शेवटी मूर्ती टाकीपुढे बसली आणि टाकी मखर झाली. मागे हिरवं रान, त्यातून निऑनचा लाल-निळा थवा. लोक आरतीपेक्षा जास्त वेळ देखाव्यापाशी थांबले. आत्याबाई म्हणाल्या, "प्लास्टिकचे मासे किती खऱ्यावानी फिरवलेत!" दुसऱ्या संध्याकाळी आरतीचा आवाज टिपेला असताना टायमरने नियमाप्रमाणे नऊ वाजता दिवे बंद केले. आठ तासांपेक्षा जास्त उजेड दिला तर शेवाळ माजतं. अंधारात आईचा आवाज आला, "देवाला बी तुझा टायम लागू काय रं?" तेवढे पाच दिवस शेवाळाला मोकळं रान मिळालं.

गप्पी माशांचं त्याचं दुखणं वेगळं. मादी महिन्याकाठी वीस-तीस पिल्लं टाकते. दोन जोड्यांचे दोनशे कधी झाले ते कळलं नाही. पावसाळ्यात आरोग्य खात्याचा माणूस आला. डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी मासे विहिरींत, हौदांत सोडायचे होते. गावाने त्याला थेट इकडे पाठवलं. टाकीदादाने आधी विचारलं, कोणती विहीर? पाणी कसं? उपसा किती? वर जाळी आहे का? कासव आहे का? कर्मचाऱ्याने नोंदवही मिटली आणि म्हणाला, "दादा, मला डास मारायचेत, मुलगी द्यायची नाय." शेवटी डबाभर गप्पी मिळाले, पण मोठ्या शेपटीचे सोडून. त्या विहिरीवरून जाताना टाकीदादा अजून वाकून बघतो.

आणि मग वलगण येते. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात नदीतले मासे उलट्या पाण्याने ओढ्यांत, खाचरांत चढतात, तेव्हा खांब काय आणि कोलाड काय, सगळा गाव बॅटऱ्या आणि जाळी घेऊन बांधावर असतो. त्या रात्री कंबर, पाळी, शिंका यांतलं काहीच आडवं येत नाही. गेल्या साली तो बादलीभर मासे घेऊन आला, ओसरीवर बसला आणि किंचाळला, "आये, हे बघ, दानिओ! कुर्ल्याला जोडीच्या भावानं जातात!"

"हितं फुकट हायत. मसाला वाटू का?"

मग बॅटरीच्या उजेडात तिथेच वाटणी झाली. टाकीदादाने एकेक मासा हातात घेऊन तोंडाचं माप बघितलं, अंगलट बघितली, आणि चपळ, लहान तोंडाचे चार-पाच आंघोळीच्या टबात वेगळे ठेवले. रोग असेल तर कळावा म्हणून महिनाभर. बाकीच्यांत शिंगट्या होत्या. रात्री फिरून लहान मासे गिळणारी ही जात, समाजात ठेवायच्या लायकीची नाही, असा निर्णय देऊन त्याने त्या आईकडे सरकवल्या. निर्णय इतक्या कडकपणे दिला की दोन-तीन निरपराध मळे मासेही त्यात गेले. कालवण झाल्यावर त्याने भात तिसऱ्यांदा घेतला आणि टबातल्या पाहुण्यांकडे पाठ करून बसला.