मासा नाही, तरी पैसे

गोव्यात डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटवाल्यांची एक घोषणा ठरलेली आहे: 'नो डॉल्फिन, नो पे'. डॉल्फिन दिसला नाही तर पैसे देऊ नका. मासे धरायला नेणाऱ्या होडीवर अशी पाटी मी अजून पाहिलेली नाही, आणि ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी हा धंदा बसेल. तिथली पाटी वेगळी असते. 'नवशिक्यांसाठी. अनुभवाची गरज नाही. गळ, आमिष, लाइफ जॅकेट, चहा-बिस्किटं समाविष्ट.' यादी नीट वाचली की लक्षात येतं, मासा समाविष्ट नाही.

पण मराठी माणसाला मासेमारीला निघताना पहिला अडथळा समुद्राचा येत नाही, पंचांगाचा येतो. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही हरमलला उतरलो होतो. मी, बायको, मेहुणा, आणि काका-मावशी. सोमवार शंकराचा, त्यात संकष्टीही सोमवारीच आल्यामुळे दोन उपास एका साबुदाण्यात उरकले. मंगळवार देवीचा, तो मेहुणा पाळतो. गुरुवार दत्ताचा, तो काका पाळतात. शनिवार मारुतीचा, तो बायको. "अरे, खायचा कुठंय? नुसता धरायचाय," असा मुद्दा मी मांडून पाहिला. मावशी म्हणाली, "खायचा नसेल तर धरायचा कशाला? उगाच पाप." तेव्हा बुधवार ठरला. होडीवाल्याला फोनवर हे सगळं सांगताना मला थोडा संकोच वाटत होता, पण तो पेडण्याचा माणूस. "आमच्यात पण तसंच," म्हणाला. "बुधवारी सगळे मोकळे."

जायचं होतं केरीला, तेरेखोल नदीच्या मुखाशी. गोव्याचं हे उत्तर टोक. अलीकडच्या काठावर केरी, पलीकडे तेरेखोलचा किल्ला. नदीच्या त्या बाजूला सगळा महाराष्ट्र, फक्त तेरेखोल हे एक गाव तेवढं गोव्याचं. तिथं जायला गोवेकराला आपल्याच राज्यातून फेरीबोटीत बसावं लागतं, नाहीतर आरोंद्याच्या पुलावरून महाराष्ट्राची वारी करून यावं लागतं.

होडीत आमच्याशिवाय तीन जण होते. एक रशियन गृहस्थ, मोरजीला मुक्काम असलेले. मोरजीत रशियन इतके, की तिथल्या हॉटेलांचे मेनूसुद्धा त्यांच्या लिपीत छापलेले असतात. आणि एक नागपूरचं जोडपं, ज्यांच्यासाठी आम्ही जेट्टीवर बराच वेळ थांबलो. फोनवर ते "आम्ही केरीतच आहोत, पण समुद्र काही दिसून नाही राहिला" असं ठामपणे सांगत होते. गोव्यात केरी एक नाही. फोंड्याला एक केरी आहे, सत्तरीत एक आहे आणि ही पेडण्याची. नकाशाने त्यांना डिचोली, साखळी करत सत्तरीच्या केरीला नेऊन सोडलं होतं, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. "पण अंजुणे धरण पाहून झालं बाप्पा," असं म्हणत ते अखेर आले आणि आल्याआल्या चहा-बिस्किटांची चौकशी केली.

होडीवाल्याने लाइफ जॅकेटं वाटली. काकांच्या जॅकेटाचे बंद पोटावर एकमेकांना भेटेनात. मग त्याने मध्ये एक सुतळी घातली. नंतर त्याने गंभीरपणे विचारलं, "आज तिथी कोणती?"

सगळे मोबाइलकडे वळले. मावशी तात्काळ म्हणाली, "कृष्ण षष्ठी."

"सहाची पाऊणपट साडेचार," तो म्हणाला. कोकणच्या किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. "आमच्याकडं थोडं आधीच भरतं, पण हिशेब तोच. आता पाणी चढतंय. चढत्या पाण्याबरोबर मासा आत येतो." सोमवारपासून आमच्या सहलीत आडवं आलेलं पंचांग असं एकदम कामाचं निघालं. मावशीचं होडीतलं वजन वाढलं. तिला पुढची, सावलीची जागा मिळाली.

ते वजन आमिषाचा डबा उघडेपर्यंत टिकलं. डब्यात बर्फावर कोळंबी होती. गोव्यात तिला सुंगटं म्हणतात. चांगली बोटभर लांब, करडी, पारदर्शक, डोळे चकचकीत काळे. होडीवाल्याने एक उचललं, डोकं मोडलं, धडाचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा गळात ओवला. मावशीच्या तोंडून "अगंबाई" निघालं. डोंबिवलीच्या बाजारात ती अशाच कोळंबीचा वाटा लावून घेताना कोळिणीशी पाव तास भांडते.

"अहो, ही माशांना घालता?"

"बाये, त्याशिवाय येत नाय."

"काहीतरी बारीक घाला. शिळं घाला."

"शिळं तो खात नाय."

"मग तो आमच्यापेक्षा सुखी," मावशी म्हणाली, आणि त्यानंतर तिने नदीकडे पाहिलंच नाही. तिचं सगळं लक्ष डब्यात. कोणाचा गळ रिकामा वर आला की ती मोठ्याने आकडा सांगे. खालचा मासा अलगद कोळंबी काढून घेत होता आणि गळ स्वच्छ करून परत पाठवत होता.

फेकण्याचं शिक्षण झालं. रिळाचा खटका उघडायचा, दोरा बोटाने धरायचा, काठी मागे न्यायची, पुढे आणताना बोट सोडायचं. तीन गोष्टी जमतात, चौथी राहते. मेहुण्याने बोट इतक्या उशिरा सोडलं की शिसं होडीच्या बुडाशीच आपटलं. दुसऱ्या खेपेला त्याने सगळा जोर लावला. होडी तेव्हा पलीकडच्या काठाजवळून, कांदळवनाच्या कडेने चालली होती. दोरा सूं करत गेला, काठी वाकली आणि मेहुणा ओरडला, "लागला! मोठा आहे!" होडीवाल्याने दोऱ्याच्या दिशेने शांतपणे पाहिलं. गळ कांदळाच्या मुळात रुतला होता.

"साहेब, महाराष्ट्र लागला," तो म्हणाला. "सोडून द्या, ओढून येत नाय."

या नदीवर असे प्रश्न उभे राहतातच. ती उगवते सिंधुदुर्गात, मनोहरगडाच्या बाजूला. बांद्याला तिला बांद्याची नदी म्हणतात, आणि खाली येऊन ती दोन राज्यांची हद्द होते. नागपूरकरांनी विचारलं की मध्यभागी धरलेला मासा कुठल्या राज्याचा. होडीवाल्याने सांगितलं की आजवर एकाही माशाने तक्रार केलेली नाही. पेट्रोल गोव्यात भरायचं, काजू दोन्हीकडचे खायचे, इतपत नियम त्याला पुरेसे होते.

मग त्याने नांगर टाकला आणि खरी अडचण सुरू झाली. "आता ओगी रावात," तो म्हणाला. गप्प बसा. सात मराठी माणसं एका होडीत गप्प बसवणं हे काम कुठल्याही पाटीवर समाविष्ट नसतं. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक, आणि समोर किल्ला. सावंतवाडीकर भोसल्यांनी तो कसा बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो कसा घेतला, पेडणे महाल त्यांच्या हाती जायला १७८८ साल कसं उजाडलं, आणि १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा कसा लावला, हे त्यांनी रशियन गृहस्थांना हिंदीतून सांगितलं. ते ऐकून घेत होते. निदान मान हलवत होते. आता त्या किल्ल्यात हॉटेल आहे, एवढंच त्यांना आधीपासून माहीत होतं.

"मासे आवाजाने पळतात," बायको काकांना म्हणाली.

हा आरोप काकांना लागला. पण अर्ध्या तासाने त्यांनी तो सप्रमाण खोडून काढला. होडीच्या दुसऱ्या टोकाला रशियन गृहस्थ पहिल्यापासून अवाक्षर न काढता बसले होते. त्यांच्याही गळाला काही नव्हतं. "बघ," काका म्हणाले, "मौनाचा काही उपयोग नाही." आणि पुन्हा सुरू झाले.

या सगळ्या वेळात मासे दिसत नव्हते असं मात्र नाही. होडीच्या चारी बाजूंना शेवटे उड्या मारत होते. चांगले हातभर, चंदेरी, पाण्याबाहेर सरळ झेप घेऊन थाडकन परत. शेवटा हा गोव्याचा राज्यमासा, आणि वागणं त्याला शोभेसं: मंत्र्यासारखा सगळ्यांना दर्शन देतो, हाती कुणाच्या लागत नाही. होडीवाल्याने कारण सांगितलं. शेवटा तळाचं शेवाळ, चिखलातलं बारीकसारीक खातो. कोळंबीला तो सहसा तोंड लावत नाही. त्याला जाळंच हवं. "म्हणजे तो शाकाहारी," मावशी म्हणाली. डब्याच्या दृष्टीने तिला तो एकटाच मासा पसंत पडला.

पहिला मासा काकांना लागला. काठीचं टोक टकटक हललं, काका उभे राहिले, होडी कलंडली, सगळे ओरडले. "ताका खावंक दियात पयलीं," होडीवाला घाईत कोकणीवर आला, मग भानावर येऊन म्हणाला, "आधी खाऊ द्या त्याला! ओढू नका!" काकांनी ओढलं. वर आला तो मूठभर मासा: पाठ हिरवट, ठिपक्यांची, पोट पांढरं, तोंड बारीक आणि तोंडात पोपटाच्या चोचीसारखे दात. काकांनी त्याला फोटोसाठी उंच धरलं, तेवढ्यात तो फुगायला लागला. कुर्र कुर्र आवाज करत, श्वास ओढत, टेनिसच्या चेंडूएवढा गोल झाला. पोटावरचे बारीक काटे उभे राहिले. दोन्ही बाजूंना काढलेले डोळे काकांवर रोखलेले. सुतळी लावलेल्या जॅकेटातले काका आणि तो, दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. कोण जास्त फुगलंय हे सांगणं कठीण होतं.

"केंड," होडीवाला म्हणाला. "टाका पाण्यात. विषारी असतो, खात नाय कोण." गळ सोडवून त्याने तो परत टाकला. केंड थोडा वेळ तसाच फुगलेला तरंगत राहिला, मग हवा सोडून सूंबाल्या झाला. नवशिक्यांच्या गळाला केंडच जास्त येतो, असं होडीवाल्याने नंतर सांगितलं. आमिष कुरतडण्यात त्याचा हात, म्हणजे दात, कोणी धरत नाही. दोन गळ तर तो दोऱ्यासकट तोडून घेऊन गेला. मावशीच्या हिशेबात ते कोळंबीसह मांडले गेले.

पुढे मेहुण्याला एक सांगट आलं. त्याने हौसेने हात पुढे केला, तेव्हा होडीवाल्याने त्याचा हात फटकन बाजूला सारला. सांगटाच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांजवळ ताठ काटा असतो. तो रुतला की हात सुजतो आणि सहल दवाखान्यात संपते. फडक्याने धरून तेही सोडून दिलं, कारण ते बोटाएवढं होतं.

खरा मासा आला तो होडीवाल्याच्या भाच्याला. हा पोरगा मागे इंजिनाजवळ बसून मोबाइलवर क्रिकेट पाहत होता. त्याच्याकडे काठी नव्हती, रीळ नव्हतं. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीवर दोरा गुंडाळलेला, आणि दोऱ्याचा एक वेढा पायाच्या अंगठ्याला. अंगठा हलला तशी त्याने मोबाइल न ठेवता एका हाताने दोरा आत घेतला. वीतभर तांबोशी. लालसर, खवल्यांवर ऊन, एका बाजूचा एक खवला मात्र निघालेला.

मग जे झालं त्यासाठीच लोक या सहली घेत असावेत. तांबोशी पहिल्यांदा काकांच्या हातात गेली, मग मेहुण्याच्या, मग माझ्या. नवशिक्यांची काठी प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात. नागपूरकरांनी सपत्नीक फोटो काढला. बायकोने मासा रुमालात धरला. रशियन गृहस्थ त्या दिवशी प्रथमच बोलले. म्हणाले, "प्लीज," आणि त्यांनीही फोटो काढून घेतला. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर रात्री जे फोटो गेले ते पाहून पुण्याच्या आत्याने लिहिलं, "बापरे, प्रत्येकाला एकेक मिळाला!" तिचं समाधान कोणी मोडलं नाही. निघालेला खवला एकाही बहाद्दराने पाहिला नव्हता.

होडी लागली तशी मावशीने आमिषाचा डबा मागून घेतला. त्यात निम्मी कोळंबी शिल्लक होती, बर्फ टिकलेला होता. "पैसे दिलेत," एवढंच ती म्हणाली. होडीवाल्याने हसून वर थोडा बर्फ घातला.

रात्री आम्ही डिचोलीला, मावशीच्या लेकीच्या सासरी जेवायला गेलो. व्याह्यांनी सगळी कथा ऐकली आणि त्यांना एकच गोष्ट समजेना: पैसे देऊन मासे धरायला कशाला जायचं? त्यांच्याकडे मांडवीकाठच्या खाजन शेतीला बांध असतो आणि बांधाला मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीच्या पाण्याने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. ओहोटीला तोंडाशी जाळं लावलं की नुस्तं, म्हणजे मासळी, आपसूक येतं. तिथं मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो, घेणारा घेतो, बाकीचे विकत आणून खातात. "बसायचं नाय, फेकायचं नाय, गप्प राहायचं तर अजिबात नाय," व्याही म्हणाले.

विहीणबाईंनी आमच्या आमिषाचं ओलं खोबरं आणि सोलं घालून हुमण केलं. इतकी गोड कोळंबी मी बाजारातून आणलेली कधी खाल्ली नाही. केरीचे मासे मूर्ख नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर मेअखेरपर्यंत उरकून घ्या. पाऊस लागला की नदी गढुळते आणि होड्या वर ओढल्या जातात. यांत्रिक बोटींना तर १ जून ते ३१ जुलै समुद्रात बंदीच असते. केरी पेडण्याची, हे नकाशात दोनदा बघा. बुधवार धरा. आणि पैसे ठरवताना उरलेलं आमिष कोणाचं, तेवढं आधी बोलून घ्या.